कंपामागची लय



सुरुवातीला एक विनंती करतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात आजच्या कार्यक्रमाची पत्रिका असेल. उजवा हात समोर सरळ धरा, तळवा जमिनीकडे, आणि पत्रिका बोटांवर आडवी ठेवा. आता तिची पुढची कड पाहा. ती थरथरते आहे. पहिल्या रांगेतल्या आजोबांची थरथरते आहे आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांचीही. निरोगी माणसाचा हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप पावत असतो. परीक्षेची भीती, जागरण, कडक चहा, दम्याची काही औषधे, थायरॉइडचा वाढलेला जोर, यांनी हा कंप वाढतो आणि डोळ्यांना दिसू लागतो. एरवीही तो असतोच.

हे आधी दाखवण्याला कारण आहे. मी मेंदूविकारांचा डॉक्टर. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण हात खिशात घालून येतात, पदराखाली झाकून येतात. अशक्तपणा आहे, मन खंबीर ठेव, आता वय झाले, असे घरच्यांनी त्यांना ऐकवलेले असते. आपल्या शरीरात काहीतरी लाजिरवाणे शिरले आहे, अशी त्यांची समजूत झालेली असते. प्रत्यक्षात कंप सर्वांच्याच शरीरात आहे. आजारात बदलते ती त्याची गती, त्याचा आवाका आणि तो केव्हा यायचा ती वेळ. या तिन्ही गोष्टी ठरतात मेंदूच्या आत चालणाऱ्या लयींवरून. आज मी त्या लयींबद्दल बोलणार आहे. हालचालींच्या आजारांत मेंदूच्या पेशी झिजतात हे खरे आहे, पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. उरलेल्या पेशी एकमेकींशी प्रमाणाबाहेर जुळवून घेतात, एकाच ठेक्यात अडकतात आणि त्यातून बाहेर पडू शकत नाहीत. माणसाला जखडून ठेवते ती ही जुळणी. मला आज मुख्यतः एवढेच पटवून द्यायचे आहे.

आधी कंप ओळखायचा कसा ते पाहू. हात किती हलतो यापेक्षा तो केव्हा हलतो, हे डॉक्टरला आधी विचारावे लागते. एक गृहस्थ टीव्ही पाहत बसले आहेत. हात मांडीवर निवांत आहे, आणि त्या निवांत हाताचा अंगठा तर्जनीवर घासू लागतो, जणू बोटांमध्ये गोळी वळणे चालले आहे. चहाचा कप उचलला की हात थांबतो. त्यांना १०० मधून ७ वजा करत मागे जायला सांगितले की कंप वाढतो, झोप लागली की नाहीसा होतो. सहसा तो एकाच बाजूला सुरू होतो. ही पार्किन्सन्सची, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्याची खूण. त्याची गती सेकंदाला ४ ते ६ आवर्तने.

आता दुसरे चित्र. एका बाईंचा हात मांडीवर असताना अगदी स्थिर आहे, पण कप तोंडाकडे नेताना चहा बशीत सांडतो. सुईत दोरा ओवता येत नाही, सही ओळखू येत नाही. दोन्ही हातांना हा त्रास आहे, पुढे मानही 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलू लागते, आवाजाला कापरे येते. विचारले तर कळते की वडिलांनाही होते. हा इसेन्शियल ट्रेमर. पासष्टीच्या पुढच्या लोकांत साधारण २० पैकी एकाला तो असतो. म्हणजे पार्किन्सन्सपेक्षा तो कितीतरी अधिक आढळतो, पण समाजाला नाव ठाऊक आहे ते कंपवाताचे, म्हणून हात हलणाऱ्या प्रत्येकावर तोच शिक्का बसतो. वर्षानुवर्षे नको ती औषधे घेणारे लोक मी पाहिले आहेत. या मंडळींचा मोठा अपमान होतो तो बँकेच्या खिडकीवर, सही जुळत नाही म्हणून. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेण्याची सोय बँकांच्या नियमांतच आहे. ती मागायला संकोच करू नये.

तिसरा प्रकार विरळा आहे. बसलेला असताना किंवा चालताना माणूस ठीक असतो, पण एका जागी उभे राहिले की पाय डळमळल्यासारखे वाटतात. पायांचा हा कंप सेकंदाला १३ ते १८ इतका वेगवान असतो की डोळ्यांना तो दिसत नाही. पोटरीवर स्टेथोस्कोप ठेवला तर मात्र ऐकू येतो.

प्रत्येक आजाराचा आपला वेग. माणूस बदलला, ऋतू बदलला, तरी हे आकडे आपापल्या हद्दीतच राहतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाचा हात आज सेकंदाला ५ वेळा हलत असेल तर उद्या तो १५ वेळा हलणार नाही. आवाका कमी-जास्त होईल, वेग जवळपास तोच राहील. इतक्या काटेकोर वेगामागे कुठेतरी त्या वेगाने चालणारे मंडल असले पाहिजे, हा विचार तिथूनच सुरू झाला.

जेम्स पार्किन्सन हे लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर. १८१७ साली त्यांनी या आजारावर छोटेखानी निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची हकिकत आहे, आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते, एकाला तर दुरूनच. कुठलेही उपकरण नसताना, फक्त पाहून, त्यांनी विश्रांतीतला कंप, वाकलेली ठेवण आणि पळत सुटल्यासारखी चाल एकत्र ओळखली. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. शार्को यांचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. रुग्णाच्या स्नायूंत ताकद असते, तरी कृती सुरू व्हायला वेळ लागतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. शक्ती आहे आणि हालचाल नाही, हा तो पेच. त्याचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

उत्तराचा एक धागा जर्मनीतल्या येना शहरात सापडला. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विद्युतलहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो ते हेच. डोळे मिटले की सेकंदाला १० च्या आसपासची लहर दिसते, तिला त्यांनी अल्फा म्हटले, आणि तिच्याहून वेगवान लहरींना बीटा. सुरुवातीला कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच पुन्हा करून दाखवले, तेव्हा जगाने मान्य केले.

इथे क्षणभर थांबू या, कारण पुढचे सगळे या मुद्द्यावर उभे आहे. एका पेशीचा विद्युतसंकेत इतका क्षीण असतो की कवटीबाहेर तो पोचतच नाही. बाहेर लहर दिसली याचा अर्थ हजारो पेशी एकाच वेळी चढल्या आणि एकाच वेळी उतरल्या. लहर म्हणजे एकजुटीचा पुरावा. एकजूट चांगली, असे आपण सहज म्हणतो. पण शाळेत सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणतो तेव्हा काय होते? आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो, आणि तेवढा वेळ एकाही मुलाला प्रश्न विचारता येत नाही, उत्तर देता येत नाही. वर्ग मोठ्याने बोलतो पण एकच गोष्ट बोलतो. मेंदूच्या पेशींचेही तसेच आहे. सगळ्या एका ठेक्यात आल्या की आवाज वाढतो, निरोप घटतो.

१९४९ मध्ये माँट्रियलला जॅस्पर आणि पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रोड ठेवले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पट्टीवर त्यांना बीटा लहर मिळाली. रुग्णाला मूठ वळायला सांगितले की ती लहर विरून जाई. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र पूर्ण केले. हात स्थिर धरलेला असतो तेव्हा बीटा, म्हणजे सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची लहर, जोरात चालू असते. हालचाल करायची ठरली की हात हलण्याच्या आधीच ती उतरू लागते. हालचाल संपली की ती पुन्हा उसळी मारून वर येते. थोडक्यात, बीटाचा निरोप 'आहे तसेच राहू दे' असा आहे. हा निरोप निरुपयोगी नाही. त्याच्यामुळेच आपण गच्च भरलेल्या लोकलमध्ये दांडी धरून उभे राहू शकतो. मात्र हालचाल हवी तेव्हा त्याने बाजूला व्हायला हवे.

तो बाजूला झाला नाही तर? मेंदूच्या तळाशी, खोलवर, बेसल गँग्लिया नावाचा केंद्रकांचा समूह आहे. कोणती हालचाल सोडायची आणि कोणती अडवायची, याची निवड तिथे होते. तिथे डोपामिन हे रसायन पोचवणाऱ्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात असतात आणि पार्किन्सन्समध्ये त्याच झिजतात. खूण दिसेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. २००१ मध्ये लंडनला पीटर ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संधी साधली. ज्या उपचाराबद्दल मी पुढे बोलणार आहे त्यासाठी मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड बॅटरीला जोडण्यापूर्वी काही दिवस बाहेर मोकळे असतात. त्यांतून वीज आत सोडण्याऐवजी त्यांनी आतला आवाज ऐकला. औषध घेतलेले नसताना सबथॅलॅमिक न्यूक्लियस या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या केंद्रकात सेकंदाला २० च्या आसपासची बीटा लहर ठळकपणे धडधडत होती. डोपामिनची उणीव भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध दिले, रुग्ण मोकळा झाला, आणि ती लहर उतरून तिच्या जागी ७० च्या आसपासची वेगवान लहर आली.

शार्को यांच्या पेचाचे उत्तर इथे आहे. स्नायूंत ताकद असून माणूस जखडतो, कारण 'आहे तसेच राहू दे' हा निरोप थांबतच नाही. नंतरच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बीटा लहर अखंड वाहत नाही, ती छोट्या-छोट्या उमाळ्यांनी येते. उमाळा आखूड असेल तर काम अडत नाही. पार्किन्सन्समध्ये उमाळे लांबतात, आणि लांब उमाळे जितके जास्त तितका माणूस मंद आणि ताठ. म्हणजे दोष लहरीच्या असण्यात नाही, तिच्या रेंगाळण्यात आहे.

कुणी म्हणेल, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण कशी ठरते? शंका रास्त आहे. ब्राऊन यांच्याच गटाने २००९ मध्ये निरोगी माणसांच्या डोक्यावरून सेकंदाला २० आवर्तनांचा अतिशय सौम्य प्रवाह सोडला. त्यांच्या हाताची हालचाल मंदावली. फार नाही, थोडीशीच. पण निरोगी मेंदूवर बाहेरून बीटाची लय लादल्याने हालचाल मंद होते एवढे त्यातून सिद्ध झाले.

डोपामिनची गोष्ट मात्र आपल्या मातीतल्या दोन वनस्पतींशी जोडलेली आहे, आणि ती या व्यासपीठावरून सांगायलाच हवी. सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन हे रसायन १९५० च्या दशकात वेगळे काढले गेले आणि रक्तदाबासाठी जगभर वापरले गेले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले तेव्हा ससे जागच्या जागी थिजले. त्यांच्या मेंदूतले डोपामिन रिते झाले होते. मग १९५७ मध्ये त्यांनी त्याच सशांना डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामिन बनते ते द्रव्य, दिले आणि ससे उठून हालचाल करू लागले. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्णांना चालते केले.

आता दुसरी वनस्पती. कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर जिच्या शेंगांच्या लवीने अंगाची आग होते ती खाजकुइली. आयुर्वेदात तिच्या बिया, म्हणजे कवचबीज, पूर्वीपासून वापरात आहेत. त्या बियांत लेव्होडोपा आहे, हे दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते. डोपामिनचे मेंदूतले काम कुणाला ठाऊक होण्याच्या वीस वर्षे आधी! एकाच देशातल्या एका वनस्पतीने ससा थिजला आणि दुसरीत त्याला उठवणारे द्रव्य होते. या योगायोगाचे मला अजूनही नवल वाटते. पण याच कारणासाठी बजावून सांगतो: चालू गोळ्यांच्या जोडीला कवचबीजाचे चूर्ण मनानेच घेऊ नका. ते तेच औषध आहे, फक्त मोजमापाशिवाय घेतलेले. मात्रा दुप्पट झाली तर अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते, भास होतात, रक्तदाब खाली येतो.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की बीटा उतरवली की कंपही गेला. तसे होत नाही, आणि हे न सांगितल्यामुळे रुग्णांची फार निराशा होते. "डॉक्टर, गोळीने चालणे सुधारले, अंग सैल झाले, पण हात काही थांबत नाही." हे वाक्य प्रत्येक मेंदूतज्ज्ञाने ऐकले आहे. बीटा लहर जोडलेली आहे ती मंदपणाशी आणि ताठरपणाशी. कंपाची लय वेगळी आहे. उलट कंप जोरात असतो तेव्हा बीटा बरेचदा खालीच गेलेली असते. नेदरलँड्समधल्या नायमेखन येथील संशोधकांनी कंप चालू असताना रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की कंपाला सुरुवात होते बेसल गँग्लियात, पण तो चालू राहतो दुसऱ्याच मंडलात. लहान मेंदू, तिथून मेंदूत खोलवर असलेला थॅलॅमस, तिथून हालचालींची पट्टी आणि परत लहान मेंदू, असे ते मंडल आहे. डोपामिनचा त्याच्यावर थेट अंमल कमी, म्हणून गोळीचा परिणाम कमी. औषध निष्फळ ठरले असा त्याचा अर्थ काढून गोळी बंद करणारे रुग्ण स्वतःचे नुकसान करून घेतात.

याच ठिकाणी मला नातेवाइकांशीही बोलायचे आहे. कंप दिसतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष कंपावर. पण रुग्णाला खरे लाचार करतो तो बहुधा मंदपणा. शर्टाची गुंडी लावायला लागणारी दहा मिनिटे, अंथरुणात कूस बदलता न येणे, बारीक होत गेलेले अक्षर, चेहऱ्यावरचे हरवलेले भाव. घरच्यांना वाटते, बाबा रुसले आहेत, बोलत नाहीत, हसत नाहीत. बाबांना हसायचे असते. ज्या रुग्णाला कंपच नाही, असाही पार्किन्सन्स असतो, आणि त्याचे निदान फार उशिरा होते. म्हणून माझे आवर्जून सांगणे आहे की हलणाऱ्या हाताइतकेच न हलणाऱ्या हाताकडेही पाहा. चालताना एकच हात झुलत नसेल, तर ती तक्रार डॉक्टरांकडे न्यायला पुरेशी आहे.

इसेन्शियल ट्रेमरमध्येही लहान मेंदू आणि थॅलॅमस यांचेच मंडल लयीत अडकलेले असते. त्यावर प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही जुनी औषधे आजही पहिली आहेत. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

औषधांनी भागत नाही तेव्हा थॅलॅमसपर्यंत जावे लागते. शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असतो, अतिशय बारीक तार आत सरकत असते आणि तिच्या टोकाशी असलेल्या पेशींचा आवाज ध्वनिवर्धकावर ऐकू येतो. थॅलॅमसच्या ठरावीक भागात पोचले की पेशी हाताच्या कंपाबरोबरच ठोके देतात. समोर हात हलतो आहे आणि खोलीत त्याच लयीत आवाज येतो आहे. हे ज्याने एकदा ऐकले त्याला कंप हा मनाचा दुबळेपणा आहे असे पुन्हा कुणी सांगू शकणार नाही.

पूर्वी हा भाग कायमचा जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी थोडा विद्युतप्रवाह सोडत. फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे १९८७ साली अलीम-लुई बेनाबिद यांनी ही चाचणी करताना वेग वाढवत नेला. सेकंदाला १०० च्या पुढे गेल्यावर हात थांबला. प्रवाह बंद केला, कंप परतला. मग जाळायचेच कशाला, असे म्हणून त्यांनी इलेक्ट्रोड तिथेच ठेवून दिला. १९९३ मध्ये त्याच गटाने सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर हा उपाय केला आणि मंदपणाही सुधारला. ते केंद्रक निवडण्यामागे अमेरिकेतल्या माहलॉन डीलाँग यांच्या गटाचे १९९० चे माकडांवरचे काम होते. बेनाबिद आणि डीलाँग या दोघांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, ज्याला रुग्ण डीबीएस म्हणतात, ते हेच. आज त्याचा वेग साधारण सेकंदाला १३० ठेवतात. हा ठेका इतका वेगवान असतो की पेशींना जुन्या लयीत एकत्र येता येत नाही. त्यात स्वतःचा काही निरोप नसतो, तो फक्त चुकीचा निरोप पुसतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते, खर्च मात्र अनेक लाखांत जातो. हा आजार बरा करणारा उपाय नाही, आणि प्रत्येकाला तो योग्यही नसतो. विसराळूपणा वाढलेला असेल, किंवा लेव्होडोपाने पूर्वीही फारसा फरक पडला नसेल, तर विचार करूनच नको म्हणावे लागते. इसेन्शियल ट्रेमरसाठी कवटी न उघडता ध्वनिलहरी एकवटून थॅलॅमसमधला बिंदू निकामी करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

साध्या डीबीएसची अडचण अशी की ते रात्रंदिवस सारखेच चालते, गरज असो वा नसो. त्यातून बोलणे अडखळते, कधी नको त्या हालचाली होतात. २०१३ मध्ये ब्राऊन यांच्या गटाने निराळे करून पाहिले. यंत्राने आधी बीटा ऐकायची, ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच प्रवाह सोडायचा. प्रवाहाचा वेळ निम्म्याहून कमी झाला आणि हालचाल सततच्या प्रवाहापेक्षा चांगली सुधारली. ते काम मोजक्या रुग्णांवरचे आणि थोड्या वेळाचे होते. पण लांबलेले उमाळे तोडायचे आणि आखूड उमाळ्यांना हात लावायचा नाही, हा विचार तिथे प्रत्यक्षात आला. असे यंत्र नेहमीच्या वापरात आणायला अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली.

लय माणसाला अडवते, तशी ती सोडवतेही. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांचे पाय दारातून जाताना, वळताना जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात. त्यांच्यासमोर जमिनीवर आडवे पट्टे काढले, कुणी 'एक-दोन, एक-दोन' म्हटले, टाळ्यांचा ठेका धरला, तर तेच पाय उचलले जातात. आतून येणारा इशारा बंद पडलेला असतो, बाहेरून आलेला इशारा दुसऱ्या वाटेने, लहान मेंदू आणि कानाडोळ्यांच्या केंद्रांमार्गे, आत पोचतो. नायमेखनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो सहज दूर निघून गेला, वळून परत आला. उतरला की पुन्हा थिजला. (ही हकिकत ऐकून घरी ज्येष्ठांना सायकल देऊ नका, पडण्याचा धोका खरा आहे. जागेवरची व्यायामाची सायकल चालेल.) पुण्यात ऋषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागे हेच शास्त्र आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांना एकत्र आणतात. घरी कोंडून घेतलेला माणूस तिथे दहा जणांबरोबर ठेक्यावर पावले टाकतो. मी माझ्या रुग्णांना औषधांच्या चिठ्ठीवरच या गटांची नावे लिहून देतो.

मुंबईचे नाव या आजाराच्या अभ्यासात आणखी एका कारणाने आहे. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध केली. लाखामागे ३२८ रुग्ण, हा तेव्हा जगातल्या मोठ्या आकड्यांपैकी एक होता. पारशी समाजात वयस्कांचे प्रमाण जास्त, हे त्याचे एक मोठे कारण. आता उरलेला महाराष्ट्रही त्याच दिशेने वयस्क होत चालला आहे. जगात २०१९ मध्ये ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती आज रात्रीच करता येण्यासारखी आहे. कार्लसन यांच्या सशांना आजार नव्हता. त्यांना औषधाने थिजवले होते. माणसांचेही असे होते, आणि आपल्याकडे ते फार होते. चक्कर येते म्हणून सिनॅरिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनॅरिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड, मनोविकारांवरची काही औषधे, ही सगळी मेंदूतल्या डोपामिनचे काम अडवतात. महिनोन्महिने ती चालू राहिली की वयस्क माणूस मंद होतो, ताठ होतो, हात हलू लागतो, हुबेहूब पार्किन्सन्ससारखा. फिट्स आणि अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटनेही हात थरथरतो. औषध बदलले की बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. काहींचा मूळचा लपलेला आजार उघड झालेला असतो, तो वेगळा हाताळावा लागतो. यांतले एकही औषध, विशेषतः मनोविकाराचे, स्वतःहून बंद करू नका. पार्किन्सन्सच्या गोळ्या तर एकाएकी कधीच थांबवू नका, शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालात तरी तिथल्या डॉक्टरांना वेळा लिहून द्या. लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, कारण डाळ, दूध आणि मांस यांतली प्रथिने लेव्होडोपा शोषले जाताना आड येतात.

घरात कुणाचा हात हलत असेल, कुणी मंदावले असेल, तर तज्ज्ञाकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या तर न्याच, पण चक्करेच्या, पित्ताच्या, झोपेच्या, वैद्यांनी दिलेल्या चूर्णांच्या पुड्याही न्या. त्या टेबलावर ओतल्या गेल्या, आणि त्यांतली एक पट्टी उचलून बाजूला ठेवल्यावर कंप गेला, असे रुग्ण आजही प्रत्येक मेंदूतज्ज्ञाकडे येतात.